वर्धा मार्ग आणि त्याच्या काठची गावे

राजांचा इतिहास बखरींत लिहिलेला असतो. लढायांचा इतिहास रणस्तंभांवर कोरलेला असतो. परंतु ज्या रस्त्यावर आपले घर असते, ज्याच्या कडेने आपण रोज शाळेत जातो, त्या रस्त्याचा इतिहास कोठे लिहिलेला असतो? हा प्रश्न आपल्या मनात सहसा येत नाही. रस्ता आपल्या जन्मापूर्वीपासून तेथे असतो. म्हणून तो नेहमीच तेथे होता असे आपण समजून चालतो. खरे पाहता प्रत्येक रस्त्याला जन्म असतो, वाढ असते आणि त्याच्या वाढीसाठी कोणी ना कोणी आपली जागा सोडलेली असते. नागपूर शहराच्या दक्षिणेकडे जाणारा वर्धा मार्ग हे याचे उत्तम उदाहरण होय.

नागपूरच्या मध्यभागी सीताबर्डीची टेकडी आहे. २६ व २७ नोव्हेंबर १८१७ या दोन दिवशी नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आणि इंग्रजांची फौज यांच्यात येथे लढाई झाली. या टेकडीच्या परिसरातून वर्धा मार्ग निघतो आणि धंतोली, अजनी, सोमलवाडा, सोनेगाव, चिंचभुवन ही स्थळे मागे टाकीत खापरीला पोहोचतो. खापरीच्या आसपास 'मिहान' या नावाने ओळखला जाणारा विस्तीर्ण प्रकल्प पसरलेला आहे. सीताबर्डीपासून खापरीपर्यंतचे अंतर सुमारे तेरा किलोमीटर. परंतु एवढ्या अंतरात दीडशे वर्षांचा इतिहास सामावलेला आहे. झाडाचे खोड आडवे कापले म्हणजे त्यात वलये दिसतात. आतील वलय जुने आणि बाहेरील नवे. शहरही असेच वाढते. सीताबर्डीकडून खापरीकडे जाणारा प्रवासी जुन्या वलयातून नव्या वलयात जात असतो.

पहिले वलय

जुने नागपूर म्हणजे सीताबर्डीच्या पूर्वेकडील महाल, इतवारी इत्यादी दाट वस्तीचे भाग. तिसरे रघूजी भोसले १८५३ साली निवर्तले आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी त्यांचे राज्य खालसा केले. १८६१ साली मध्य प्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाली. १८६७ साली मुंबईहून येणारी आगगाडी नागपूरला पोहोचली आणि १८७७ साली जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. कचेऱ्या, न्यायालये, शाळा व गिरण्या यांमुळे कारकून, वकील, शिक्षक आणि कामगार शहरात येऊ लागले. जुन्या पेठांत जागा अपुरी पडू लागली.

दाट वस्तीत हवा व उजेड कमी पोहोचतो आणि रोग लवकर पसरतात. १८९६ साली मुंबईत प्लेगची भयंकर साथ आली, तेव्हा हा धडा साऱ्यांना मिळाला. त्यानंतर १८९८ साली मुंबईत शहरसुधारणेसाठी एक विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि दादर, माटुंगा या बाजूंना रुंद रस्ते व मोकळ्या जागा ठेवून नव्या वसाहती आखण्यात आल्या. घरे आधी बांधायची आणि उरलेल्या जागेतून वाट काढायची, ही जुनी रीत होती. रस्ते आधी आखायचे आणि त्यांच्या कडेने घरे बांधायची, ही रीत नवी होती. नागपुरातही अशाच कामासाठी १९३६ साली कायदा झाला आणि त्यातून नागपूर सुधार प्रन्यास ही संस्था उभी राहिली.

सीताबर्डीच्या दक्षिणेला लागून असलेली धंतोली ही या पहिल्या वलयातील वस्ती. सरळ रस्ते, मध्ये उद्यान आणि अंगण राखून बांधलेली घरे, असे तिचे रूप होते. रामकृष्ण मठ १९२८ पासून येथे आहे. शेजारच्या काँग्रेसनगरच्या नावात १९२० साली नागपुरात भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाची आठवण आहे. आज धंतोलीतील कित्येक जुन्या बंगल्यांच्या जागी रुग्णालये उभी आहेत. जेथे एके काळी सायंकाळी शांतता असे, तेथे आता मोटारी उभ्या करण्यासही जागा मिळत नाही. रस्ता तोच, रुंदी तीच. त्याच्यावर पडणारा भार मात्र पालटला.

वावराचा रस्ता कसा होतो?

अजनी ओलांडून पुढे गेले की सोमलवाडा लागतो. आज येथे घरांची गर्दी आहे. परंतु सोमलवाडा हे मुळात शेतकऱ्यांचे गाव. विदर्भात शेताला 'वावर' म्हणतात, दोन वावरांमधील बांधाला 'धुरा' म्हणतात आणि वावरांतून जाणाऱ्या बैलगाडीच्या वाटेला 'पांदण' म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शहर अशा गावांच्या वावरांपर्यंत येऊन पोहोचले. मग वावराचा रस्ता कसा झाला?

त्याची रीत अशी असे. पुष्कळ कुटुंबे मिळून गृहनिर्माण संस्था स्थापन करीत आणि एखादे वावर विकत घेत. त्या जमिनीचा नकाशा तयार करून तिचे लहान लहान भूखंड पाडीत. या आखणीला नागपुरात 'ले-आउट' म्हणतात. हा शब्द तेथे इतका रुळला आहे की अनेक वस्त्यांच्या नावांतही तो येऊन बसला आहे. त्या वेळच्या कायद्याप्रमाणे शेतजमिनीवर घर बांधायचे तर ती जमीन अकृषिक करून घ्यावी लागे, म्हणजे ती शेतीखेरीज अन्य कामासाठी वापरण्याची परवानगी घ्यावी लागे. ले-आउट मंजूर होताना रस्त्यांची रुंदी ठरवून द्यावी लागते आणि साधारणतः दहा टक्के जागा मैदान व बाग यांसाठी मोकळी सोडावी लागते.

परंतु सर्वांनीच हा नियम पाळला असे नाही. शहरात नोकरी मिळाली, परंतु शहरात घर घेण्याची ऐपत नाही, अशा हजारो कुटुंबांनी नागपूरच्या चोहोबाजूंना स्वस्त भूखंड घेतले. त्यांतील पुष्कळ ले-आउट मंजूर झालेले नव्हते. नकाशावर रस्ता होता; जमिनीवर मात्र काळी माती होती. विदर्भातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ होते. अशा मातीतून सायकल चालत नाही, आणि पायांतील जोडे हातांत घ्यावे लागतात. नळ नाही, गटार नाही, दिवा नाही, अशा स्थितीत लोकांनी वर्षानुवर्षे काढली.

शेवटी २००१ साली महाराष्ट्र शासनाने अशी वस्ती नियमित करण्यासाठी कायदा केला. जमीन गुंठ्यागुंठ्याने विकली गेलेली असल्यामुळे त्याला लोक 'गुंठेवारी कायदा' म्हणतात. नागपुरात या वस्त्या '५७२ ले-आउट' आणि '१९०० ले-आउट' अशा संख्यांच्या नावांनी प्रसिद्ध आहेत. भूखंडधारकांनी विकासशुल्क भरावे आणि त्यातून रस्ते, गटारे व नळ यांची सोय व्हावी, अशी ही योजना होती. म्हणजे येथे घर आधी आले आणि रस्ता पुष्कळ वर्षांनी आला. आज डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावरून शाळेत जाणाऱ्या मुलाने ध्यानात ठेवावे की त्याच्या आजोबांनी तो रस्ता केवळ वापरला नाही; त्याची वाट पाहिली, त्यासाठी अर्ज केले आणि पैसेही भरले.

एक गोष्ट मात्र या सर्व घडामोडींत टिकून राहिली आहे. नागपुरातील घराच्या विक्रीपत्रात आजही आधी 'मौजा' लिहिला जातो आणि मग 'खसरा क्रमांक'. मौजा म्हणजे मूळ गाव आणि खसरा क्रमांक म्हणजे मूळ शेताचा क्रमांक. पाचव्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबाच्या कागदांतही ज्या वावरावर ती इमारत उभी आहे, त्याची ओळख जपलेली असते. गाव डोळ्यांना दिसत नाही. कागदाला मात्र ते विसरता येत नाही.

सोनेगावचे विमान

सोमलवाड्याच्या पुढे सोनेगाव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१७-१८ च्या सुमारास, येथे विमानांसाठी धावपट्टी तयार झाली. दुसऱ्या महायुद्धातही इंग्रजांच्या विमानदलाने तिचा उपयोग केला. स्वातंत्र्यानंतर या विमानतळाला एक आगळे काम मिळाले.

जानेवारी १९४९ मध्ये भारतात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून दररोज रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघे आणि नागपूरला येई. येथे थैल्यांची अदलाबदल होई. मुंबईचे विमान दिल्ली, कलकत्ता व मद्रास यांचे टपाल घेऊन पहाटे मुंबईस परते. इतर विमानेही तसेच करीत. यातील युक्ती पाहा. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची म्हटले तर सहा मार्ग लागतात. सर्वांनी मधल्या एका ठिकाणी एकत्र यायचे ठरविले तर चार मार्गांत काम भागते. नागपूर देशाच्या मध्यभागी असल्यामुळे हे काम त्याच्याकडे आले. ही सेवा ऑक्टोबर १९७३ पर्यंत चालली.

टपालाची विमाने थांबली; परंतु मध्यभागी असण्याचा लाभ उरलाच होता. त्याच विचारातून पुढे मिहानची कल्पना निघाली. 'मल्टिमोडल इंटरनॅशनल कार्गो हब अँड एअरपोर्ट ॲट नागपूर' या लांबलचक इंग्रजी नावाचे आद्याक्षरांनी केलेले रूप म्हणजे 'मिहान'. विमान, आगगाडी आणि मालमोटार या सर्व मार्गांनी येणारा माल एका ठिकाणी यावा, तेथून तो देशभर व परदेशी जावा आणि त्याच्या आसपास उद्योग उभे राहावेत, असा तिचा हेतू. हे काम करण्यासाठी २००२ साली महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. २००५ साली सोनेगावच्या विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव देण्यात आले.

रस्ता तीन मजली झाला

मिहानच्या जमिनीवर संगणकाच्या कामाच्या कंपन्या, विमानांची देखभाल करणारा कारखाना, भारतीय व्यवस्थापन संस्था आणि अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, म्हणजेच लोकांच्या तोंडी असलेले 'एम्स', अशी अनेक कामे उभी राहिली. साहजिकच वर्धा मार्गावरील रहदारी वाढली. मेट्रो गाडीसाठी जागा हवी, म्हणून छत्रपती चौकातील उड्डाणपूल २०१६ साली पाडण्यात आला. मार्च २०१९ मध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली. पाठोपाठ २०२० साली त्याच मार्गावर दुमजली पूल पूर्ण झाला. त्याची लांबी ३,१४० मीटर आहे. खाली जुना रस्ता, त्याच्यावर मोटारींचा पूल आणि त्याच्याही वर मेट्रो, अशी तेथे रहदारीची तीन मजली रचना आहे. जुन्या रस्त्याला दोन्ही बाजूंना घरे असल्यामुळे तो रुंद करणे कठीण होते. म्हणून तो उंच वाढला.

गाव उठते तेव्हा

आता एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. मिहानने चार हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र व्यापले आहे. एक हेक्टर म्हणजे सुमारे अडीच एकर. म्हणजे हे क्षेत्र दहा हजार एकरांच्या घरात जाते. एवढी जमीन रिकामी नव्हती. तेथे शिवणगाव, खापरी, कलकुही, तेल्हारा, दहेगाव अशी गावे होती आणि त्यांची वावरे होती. प्रकल्पासाठी या गावांतील जमिनी घेण्यात आल्या आणि अनेक कुटुंबांना आपली घरेही सोडावी लागली. विमानतळाला लागून असलेल्या शिवणगावातील लोकांसाठी चिंचभुवन येथे पुनर्वसनाची वसाहत आखण्यात आली.

गाव उठते म्हणजे काय होते? गावातील घरे नकाशा पाहून बांधलेली नसतात. भावाच्या घराशेजारी भाऊ घर बांधतो, विहिरीजवळ वस्ती वाढते, मारुतीच्या पारावर वडीलधारी मंडळी बसतात, आखरावर गुरे गोळा होतात. नव्या वसाहतीत भूखंडांना क्रमांक असतात आणि रस्ते काटकोनात छेदतात. रस्ता गावातल्यापेक्षा रुंद असतो. दिवे व गटारे असतात. परंतु गोठ्याला जागा कोठून आणावी? पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या माणसाने वावर गेल्यावर कोणते काम करावे? पैसा हातात येतो. पण वावर दरवर्षी पिकत होते, तसा पैसा दरवर्षी पिकत नाही. म्हणूनच योग्य मोबदला, घरासाठी भूखंड आणि मुलांना नोकरी यांसाठी तेथील लोकांना दीर्घकाळ झगडावे लागले.

प्रकल्पामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने १९७६ सालीच कायदा केला होता. नव्या गावठाणात पाणी, शाळा, रस्ते, गटारे, वीज, स्मशानभूमी इत्यादी सोयी द्याव्यात, हे तत्त्व त्यातून रुजले. तथापि जमीन घेण्याचा कायदा मात्र इंग्रजांच्या काळचा, १८९४ सालचा होता. त्यात पैशाच्या मोबदल्याची तरतूद होती. पुनर्वसनाचा हक्क नव्हता. मिहानच्या जमिनी घेण्यास प्रारंभ झाला तेव्हा तोच कायदा चालू होता. २०१३ साली संसदेने नवा कायदा केला. जमीन घेण्यापूर्वी तिचा लोकांच्या जीवनावर काय परिणाम होईल हे तपासावे, आणि मोबदल्याबरोबर पुनर्वसनही करावे, असे त्यात सांगितले आहे. अनेक राज्यांतील अनेक गावांनी सोसलेल्या दुःखातून हा बदल घडला.

असा प्रश्न केवळ आपल्याच देशात उद्भवला असे नाही. जपानमध्ये टोकियो शहरासाठी नारिता येथे विमानतळ बांधण्याचे १९६६ साली ठरले, तेव्हा तेथील शेतकऱ्यांनी कडवा विरोध केला. विमानतळ १९७८ साली सुरू झाला. तरीही काही शेतकऱ्यांनी आपली जमीन सोडली नाही. विमानतळाच्या सीमेत शेती चालू आहे आणि शेजारून विमाने धावत आहेत, असे दृश्य तेथे दिसू लागले. आधी लोकांना विचारावे आणि मग आखणी करावी. आखणी आधी झाली तर तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालतो, हा धडा नारिताने जगाला दिला.

विमानतळ नको, रुग्णालय नको, महाविद्यालय नको, असे कोणी म्हणणार नाही. एम्समध्ये विदर्भातील दूरदूरच्या खेड्यांतून रोगी येतात आणि बरे होऊन जातात. ही सोय ज्या भूमीवर झाली, ती भूमी कोणाची तरी होती, एवढे स्मरण मात्र आपण ठेवले पाहिजे. ज्याला लाभ होतो त्याने, ज्याने जागा दिली त्याचे देणे वेळेवर फेडावे, हा न्याय होय.

बाहेरचे वलय

आपण वलयांपासून आरंभ केला होता. शहराच्या आतील वलय जुने आणि बाहेरील नवे, असे आपण म्हटले. रस्त्यांच्या बाबतीत ते खरे आहे. पण माणसांच्या बाबतीत पाहिले तर उलट दिसते. चिंचभुवनच्या पुनर्वसन वसाहतीतील रस्ता वर्धा मार्गाच्या काठच्या सर्वांत नव्या रस्त्यांपैकी एक. आणि त्यावर राहणारी कुटुंबे या मातीत सर्वांत जुनी! शहर त्यांच्याकडे चालत आले. ती शहराकडे गेली नाहीत. नव्या पाटीवरील नाव वाचताना ही गोष्ट सहज नजरेआड होते.

तुम्ही जेथे राहता, त्या रस्त्यालाही असाच इतिहास आहे. तो शोधणे कठीण नाही. घरातील जुन्या कागदांवर मौजा व खसरा क्रमांक, किंवा तुमच्या भागात सर्व्हे क्रमांक अथवा गट क्रमांक लिहिलेला असेल, तो पाहा. रस्त्याला अकारण वळण असेल तर तेथे पूर्वी विहीर, धुरा किंवा नाला होता काय, याची चौकशी करा. चौकाच्या मध्ये एखादा जुना वड वा चिंच उभी असेल, तर ती रस्त्याच्याही आधीची असण्याचा संभव आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वृद्ध माणसांना विचारा. येथे आधी काय पिकत होते, पहिले घर कोणाचे झाले, पहिला दिवा कधी लागला आणि ज्यांची वावरे होती ती माणसे आता कोठे राहतात, हे त्यांना ठाऊक असते. त्यांनी सांगितलेले वहीत टिपून ठेवा. ग्रंथात न लिहिलेला इतिहास असाच लिहिला जातो, आणि तो लिहिण्याचे काम आता तुमचे आहे.